आत्याबाईंचं गळ्यातलं

"आत्याबाई, आधी गळ्यातलं काढा. त्याशिवाय मी बटणाला हात लावू देणार नाही."

पदर खोचून मी पॉलिशच्या मशीनसमोर आडवी उभी होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातात बिनमुठीचं पातं घेऊन माझ्याकडं बघत होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, केसांवर फडकं, हातातल्या हिरव्या बांगड्या वर सरकवून त्यांवर चिंधी गुंडाळलेली. सगळं कसं शिस्तीत होतं. फक्त गळ्यात काळ्या मण्यांची पोत आणि तिच्यातल्या दोन वाट्या तशाच लोंबत होत्या.

"मंदे, आज न्हाई काढायची," त्या म्हणाल्या. "आजच्याला तेवढं बोलू नगंस."

"मग आज मशीन पण नाही."

"तुझा सासरा हितं असता तर अशी आडवी आली असतीस?"

"मामंजी इथं असते तर मला यायलाच लागलं नसतं. त्यांनीच काढायला लावलं असतं."

मामंजी इथं नव्हते, हेच तर सगळं दुखणं होतं. ते मिरजेच्या एका इस्पितळात खाटेवर पडून होते आणि त्या सकाळी त्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन व्हायचं होतं. वय झालेलं, त्यात रक्तदाब. डॉक्टरांनी थोरल्या दिरांना आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की भरवसा देता येत नाही. ही गोष्ट आत्याबाईंना कुणी सांगितली नव्हती, पण त्यांना ती कळली होती.

ज्ञानू मेस्त्री म्हणजे माझे सासरे. कोल्हापुरात आमच्या गल्लीत त्यांचा चाकू-सुऱ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तरी काय, पत्र्याखाली एक भट्टी, दोन ग्राइंडर, एक पॉलिशचं मशीन आणि राबायला आम्ही घरचीच माणसं. घरात मामंजी कधी आवाज चढवायचे नाहीत. आमटीत मीठ नसलं तरी मुकाट जेवून उठायचे. पण कारखान्याच्या दारातून आत पाऊल टाकलं की त्यांच्या अंगात यायचं. अंगठी काढ. घड्याळ काढ. बाह्या कोपराच्या वर घे. मनगटातला देवाचा दोरा काढ, देव रागवत नाही. पातं हातातून सुटलं तर झेलायचं नाही, पाय मागं घ्यायचे. एका कामगारानं ग्राइंडरवर हातमोजे घातले तर त्यांनी ते काढून भट्टीत टाकले, कारण चाकात बोट लागलं तर सालटं जातं, हातमोजा लागला तर अख्खा हात आत जातो. दिवाळसणाला आलेल्या जावयाला त्यांनी गळ्यात मफलर आहे म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. जावई रुसला तो पार होळीपर्यंत. "रुसू दे की," मामंजी म्हणाले, "रुसलेला जावई समजूत काढली की येतोय. तुटलेली मान कुणाची समजूत काढून आणायची?"

आणि आत्याबाईंचं गळ्यातलं. त्याचा प्रश्न त्यांनी फार पूर्वीच सोडवला होता. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हा मशीनवर बसायला हौसेनं तयार होत्या, पण पोत काढायला काही केल्या तयार नव्हत्या. नवरा जिवंत असताना बाईनं ती काढायची म्हणजे त्याच्याच जिवावर उठायचं, असं त्यांच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं. मामंजी म्हणाले, "माझ्यासाठीच घालतीस न्हवं? मग माझ्याच खिशात ठेव." तेव्हापासून तो नेमच पडला. मशीनवर बसायच्या आधी आत्याबाई पोत काढून त्यांच्या हातात द्यायच्या. ते ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून बटण लावायचे. काम संपलं की स्वतः काढून परत द्यायचे. देता-घेताना दोघंही एकमेकांकडं बघायची नाहीत. लग्नानंतर मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला हसू आलं, मग लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. माझं मंगळसूत्र मी आपली सरळ देव्हाऱ्यात काढून ठेवून कामाला यायची. आत्याबाईंना ते खटकायचं, पण मामंजींपुढं बोलायची सोय नव्हती.

आता मामंजी मिरजेत आणि पोत ठेवायला खिसा नाही, अशी गत झाली होती.

"विलासच्या खिशात ठेवा," मी म्हणाले. विलास माझा नवरा.

"ल्योकाच्या खिशात? ल्योकाच्या खिशात ठेवायचं असतंय व्हय ते? जिभेला हाड हाय का न्हाई तुझ्या?"

"मग मामंजींचा सदरा आणते खुंटीवरचा. त्याच्या खिशात ठेवा."

"सदरा म्हंजे माणूस न्हवं."

"मग आज कामच करू नका. घरात बसा, देवाचं नाव घ्या. गोदाक्का आल्यात, त्यांच्याशी बोला."

गोदाक्का म्हणजे मामंजींची धाकटी बहीण. भाऊ आजारी म्हणून आदल्या दिवशी येऊन राहिल्या होत्या आणि आल्यापासून रडणं आणि माझ्या तोंडाळपणाबद्दल बोलणं, ही दोनच कामं करत होत्या.

आत्याबाईंनी हातातलं पातं माझ्यापुढं धरलं. ग्राइंडरवर घासून झालेलं, पण पॉलिश न केलेलं, ओरखड्यांनी भरलेलं पातं. टोकाशी एक बारीक तांबूस डाग पडायला लागला होता.

"हे बघ. ही पात्यांची सगळी बारी त्येंनी घासलीया. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी, पोट धरून धरून घासलीया. मी हाताला धरून उठवत हुते तरी उठलं न्हाईत. काल मला तितनं परत लावून दिलं ते हेच सांगून. म्हणाले, घरी जा, पाती उघडी पडलीत, गंज चढंल." त्यांनी त्या तांबूस डागावर अंगठा घासला. "त्येंच्या हातची पाती मी गंजू देणार न्हाई, मंदे. आज तर न्हाईच न्हाई."

तेल लावून ठेवू या, असं मी म्हणणार होते. पण त्यांचे हात बघितले आणि बोलले नाही. ते हात काहीतरी धरायला शोधत होते. घरात बसवलं असतं तर त्या बाईनं संध्याकाळपर्यंत स्वतःला खाऊन टाकलं असतं.

तेवढ्यात विलास आला. आमची बोलाबोली त्यानं बाहेरून ऐकली असावी. "काय चाललंय तुमचं? गल्लीत ऐकू जातंय."

"तुझ्या आईला सांग, पोत काढा म्हणून."

"आई, काढ की गं."

"न्हाई."

विलासनं माझ्याकडं बघितलं. बापाच्या काळजीनं त्याचा चेहरा आधीच उतरला होता, त्यात ही कटकट. "मंदा, आजच्या दिवस ओढून धरू नको. आई, पोत चोळीच्या आत टाक, वरनं पिन लाव. खाली वाकायचं नाही. मंदा, तू शेजारी बसून पाती हातात दे म्हणजे तिला वळायला नको. झालं?"

झालं नव्हतं. पोत साध्या दोऱ्यात असती तर मी एवढी भांडलेच नसते. साधा दोरा कशात अडकला तर तुटून जातो, माणूस वाचतो. पण मागं एकदा आत्याबाईंची पोत तुटली होती आणि त्याच आठवड्यात मामंजी जिन्यावरून पडले होते. तेव्हापासून त्यांनी ती मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीत, तीही दुहेरी, ओवून घेतली होती. पुन्हा कधी म्हणून तुटायला नको. मामंजींना ते कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "आता तर ती माझ्या खिशातच पायजे."

हे मी विलासला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पिन लावतीय ना ती?" आणि आत्याबाईंनी माझ्यासमोर पोत चोळीत टाकली, एक मोठी पिन लावली, वरून पदर आवळून खोचला आणि माझ्या खांद्याला धरून मला हळूच बाजूला सारलं.

विलासनं बटण दाबलं. मोटर घुमायला लागली, पट्टा फटफटला आणि दांड्याच्या टोकाचं कापडाच्या थरांचं जाड चाक फिरता फिरता नुसतं पांढरं दिसायला लागलं. आम्ही त्याला बफ म्हणायचो. दिसायला मऊ, हात लावला तर उशीसारखं. पण कारखान्यात मामंजी सगळ्यात जास्त त्यालाच भ्यायचे. ग्राइंडर कापतो, बफ ओढतो. धार वर करून पातं धरलं तर हिसकावून घेऊन छातीत मारतो. म्हणून धार खाली, आणि चाकाच्या खालच्या अंगालाच टेकवायची.

आत्याबाई बसल्या आणि त्यांचे सैरभैर हात ठिकाणावर आले. काय सफाई होती त्या बाईच्या हाताला! पॉलिशची वडी चाकाला लावायच्या, पातं टेकवायच्या, एका लयीत मागं-पुढं, मग पालथं, मग उजेडाला धरून बघायच्या आणि माझ्याकडं द्यायच्या. ओरखड्यांच्या जागी आरसा. मी पातं पुसून तेल लावायची आणि दुसरं त्यांच्या हातात ठेवायची. माझ्या मागच्या फळीवर आदल्या आठवड्यातल्या मुठी बसवून, धार लावून तयार झालेल्या सुऱ्या कापडावर मांडलेल्या होत्या. विलास पलीकडं भट्टीजवळ उगाचच काहीतरी आवरत बसला होता.

हळूहळू माझाही राग निवला. पिन जागच्या जागी होती. दर पात्यागणिक मी तिच्याकडं बघत होते.

"मंदे," मशीनच्या आवाजातून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याला परत आल्यावर सांगू नगंस हां."

"सांगणार. सगळं सांगणार."

"मेली चुगलखोर," त्या म्हणाल्या आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

तेवढ्यात दारात हमीदभाई आले. समोर त्यांचं लेथचं दुकान होतं आणि गल्लीतला एकुलता एक फोन त्यांच्याकडंच होता. ते कधी दाराच्या आत यायचे नाहीत, मामंजींचा नेम त्यांनाही पाठ होता. बाहेरूनच त्यांनी हात वर केला.

"दिनकरचा फोन होता, वहिनी! आत घेतलं म्हणाला! सुरू झालं ऑपरेशन!"

दिनकर म्हणजे माझे थोरले दीर, ते मिरजेत होते. मी उठून दाराकडं गेले. "किती वेळ लागेल म्हणाले? डॉक्टर काय म्हणाले?" हमीदभाई म्हणाले, "एवढंच बोलला नि ठेवला गं बाई. परत करतो म्हणाला. मी बसून आहे फोनपाशी, तुम्ही काळजी करू नका." मी पुढं काहीतरी विचारलं, ते काहीतरी बोलले. असं चार शब्दांचं बोलणं झालं असेल.

मी वळले.

आत्याबाईंनी पिन काढली होती. नवऱ्याला आत घेतलं हे कानावर पडल्याबरोबर त्यांनी पोत चोळीतून बाहेर ओढली होती, दोन्ही वाट्या डोळ्यांना लावल्या होत्या, अंबाबाईचं नाव घेतलं असणार. आमच्यातली कुठलीही बाई त्या घटकेला हेच करते. मीही केलं असतं. आणि मग, पोत तशीच बाहेर सोडून, त्यांनी पुढचं पातं उचललं होतं. डोळ्यांत पाणी होतं म्हणून नीट दिसत नव्हतं, म्हणून त्या चाकावर वाकल्या होत्या.

"आत्याबाई!"

मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मी बघितलं ते एवढंच. वाट्या दांड्यावर गेल्या. चाकावर नाही, चाकाच्या बाजूला दांड्याची नागडी मळसूत्रं असतात, तिथं. एक बारीकसा टिक आवाज झाला आणि माझ्या सासूचं डोकं धाडकन खाली गेलं.

ओरडायलाही वेळ मिळाला नाही त्यांना. हातातलं पातं कुठल्या कुठं उडालं. कपाळ मशीनच्या लोखंडावर आपटलं आणि तिथंच राहिलं, कारण दोरा दांड्यावर गुंडाळत चालला होता आणि मानेभोवती आवळत चालला होता. त्यांचे दोन्ही हात लोखंडाला रेटत होते. पाय पाटावरून घसरून जमिनीवर आपटत होते. पट्टा दांड्यावर घसरून किंचाळत होता, रबराचा जळका वास सुटला होता. तो पट्टा घसरला म्हणून मान जागेवर राहिली, नाहीतर काय झालं असतं ते मला आजही मनात आणवत नाही.

"विलास! बटण! बटण!"

विलासनं झेप घेतली. मोटर बंद झाली. पण बफ बंद केल्याबरोबर थांबत नाही, आपल्या जोरानं फिरत राहतो. आणि तो थांबला असता तरी काय, दोरा काही सैल होणार नव्हता. आत्याबाईंचा चेहरा माझ्याकडं वळलेला होता. काळानिळा. डोळे माझ्याकडंच बघत होते आणि त्या डोळ्यांत मी कोण आहे याची ओळख राहिली नव्हती.

मी मागच्या फळीवरून हाताला लागली ती सुरी उचलली. डाव्या हाताची दोन बोटं दोरा आणि गळा यांच्यामध्ये घातली. जात नव्हती, मी ती कोंबली. सुरीचं पातं बोटांच्या वरून घातलं, धार गळ्याकडं नाही, माझ्याकडं केली, आणि ओढलं.

पहिल्या ओढीला दोरा तुटला नाही. एक पदर तुटला, दुसरा राहिला. मी पुन्हा ओढलं.

काळे मणी उडाले. भट्टीपर्यंत उडाले, पत्र्यावर वाजले. आत्याबाई मागं माझ्या अंगावर कोसळल्या आणि आम्ही दोघी खाली पडलो. त्यांच्या घशातून असा काही आवाज आला की मी तो माणसाचा म्हणून आधी ओळखलाच नाही. मग तो श्वास आहे हे कळलं. त्या श्वास घेत होत्या.

"वैनी, च्या आणलाय," असं म्हणत गोदाक्का त्याच वेळी मागच्या दारातून आत आल्या.

त्यांनी काय बघितलं ते मी तेव्हाही समजू शकत होते. सासू जमिनीवर, गळा उघडा. सून तिच्यावर वाकलेली, हातात सुरी, सुरीला रक्त. चहूकडं काळे मणी. त्यांच्या हातातला पितळी तांब्या खाली पडला.

"अगं कैदाशिणी! काय केलंस हे! मंगळसूत्र कापलंस? सासूचं मंगळसूत्र कापलंस?"

"आत्ती, मशीनमध्ये अडकलं होतं," विलास म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"म्हणून कापायचं? माझा भाऊ तिकडं टेबलावर पडलाय आन् हिनं हितं त्येच्या नावाचं कापलं? सोडवायचं न्हाई व्हय? दोन हात न्हाईत तिला?"

रक्त माझं होतं. दोऱ्याखाली घातलेली माझी बोटं मीच कापून घेतली होती आणि मला ते तोवर कळलंही नव्हतं. आत्याबाईंच्या मानेभोवती एक लाल वळ उठला होता, कातडी काही ठिकाणी सोलली होती, पण सुरीचा एक ओरखडाही नव्हता. मी तो वळ पुन्हा पुन्हा बघत होते.

आत्याबाई बसत्या झाल्या. त्यांनी हात गळ्याशी नेला, तिथं काही नाही हे बोटांनी चाचपून बघितलं. मग त्यांनी मशीनकडं बघितलं. दांड्यावर दोऱ्याचा गुंडा आणि त्यात अर्धवट चेपलेल्या दोन वाट्या. त्यांनी त्यांच्यावरून नजर काढली आणि माझ्या हाताकडं नेली. डोक्यावरचं फडकं सोडलं, ते माझ्या बोटांना गुंडाळलं आणि गाठ मारली.

"डॉक्टरकडं चला, आत्याबाई."

त्यांनी मान हलवली. नाही.

"विलास, हमीदभाईकडं जा," गोदाक्का रडत म्हणाल्या. "फोन लाव. माझ्या भावाचं काय झालं बघ. मला काय बी धड वाटंना झालंय."

विलास गेला. आम्ही तिघी तिथंच बसून राहिलो. गोदाक्का मणी वेचायला लागल्या. एकेक मणी उचलून त्या पदरात टाकत होत्या आणि दर मण्याला मला एक शिवी देत होत्या. मला त्या ऐकू येत होत्या, पण लागत नव्हत्या. आत्याबाई वाचल्या होत्या. त्यापुढं मला जगात कशाचं काही वाटत नव्हतं.

विलास परत आला तेव्हा तो दारातच थांबला. हमीदभाई त्याच्यामागं उभे होते आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"आई," तो म्हणाला. "बाबा गेले."

त्यानं दाराची चौकट धरली.

"भुलेतच हृदय थांबलं म्हणे. ऑपरेशन सुरू करून थोडाच वेळ झाला होता."

मी अशा गोष्टी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. माझ्या माहेरीही लोहारकामच, लोखंड काय करतं आणि काय करत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक. पण त्या घटकेला, खरंच सांगते, मला वाटलं की मी मारलं. मी सुरी ओढली आणि तिकडं ते गेले. एका ओढीत एक पदर, दुसऱ्या ओढीत दुसरा.

गोदाक्कांनी वेचलेले मणी फेकून दिले आणि छाती बडवून घेतली. "खाल्लं हिनं! माझ्या भावाला खाल्लं! विलास, हिला आत्ताच्या आत्ता माहेरी घालव. ही घरात ऱ्हायली तर मी हितं पाणी पिणार न्हाई. ऐकतोस का रं?"

मी विलासकडं बघितलं. त्यानं सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. आपली आई कशी अडकली, किती वेळात तिचा जीव गेला असता, त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. पण तो जमिनीकडं बघत उभा राहिला. बाप गेल्याचा धक्का होता, मला कळत होतं. तरी त्यानं एकदा मान वर करायला हवी होती. त्या न वर झालेल्या मानेचा राग माझ्या मनातून आजतागायत गेलेला नाही. हे मी त्याला तोंडावरही सांगितलेलं आहे.

दुपार कलायच्या आत मिरजेहून गाडी आली. मामंजींना सोप्यात ठेवलं. गल्ली सगळी लोटली. आणि तोवर गोदाक्कांनी दारातल्या प्रत्येक बाईला ती गोष्ट सांगून झाली होती. बायका माझ्याजवळून जाताना लुगडं सावरून, अंग चोरून जायला लागल्या. एरवी मीठ-साखर मागायला येणाऱ्या बायका. मी चुलीच्या खोलीत एकटी उभी होते, फडक्यातलं रक्त वाळून कडक झालं होतं. गोदाक्कांचा मुलगा मला माहेरी पोचवायला गाडी बघायला गेलाय, असंही कुणीतरी माझ्या कानावर घातलं. मला तीन वर्षांची मुलगी होती. तिला घेऊन जायचं की ठेवून जायचं, याबद्दल मात्र कुणी काही बोललं नव्हतं.

मग सोप्यातून हाक आली. आत्याबाई बोलावत होत्या.

प्रेताच्या उशाशी बायका बसल्या होत्या. तो विधी करायची वेळ झाली होती, जो मी आयुष्यात तोवर दोनदा बघितला होता आणि दोन्ही वेळा मान फिरवून उठून गेले होते. आत्याबाईंना पाटावर बसवलं होतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या तानूबाईंनी त्यांचं कुंकू पुसलं. बांगड्या दगडावर फोडल्या. काच खणाखणा वाजली तेव्हा आत्याबाईंनी डोळे मिटले नाहीत. मग तानूबाईंनी त्यांच्या गळ्याकडं हात नेला. पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला होता. पदराखाली चाचपून तानूबाईंचा हात थांबला.

"गळ्यातलं कुठाय?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"मी सांगते कुठाय!" गोदाक्का उठल्या. त्यांचं बोट माझ्याकडं झालं. "हिला इचारा! हिनं कापलंय! सुरीनं कापलंय, भाऊ जिता असताना!"

सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. मी दारात उभी होते.

"खोटं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांचा गळा बसला होता, आवाज घासून येत होता. सगळ्यांना ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"मीच काढलं. माझ्या हातानं."

"वैनी!" गोदाक्का किंचाळल्या. "मी ह्या डोळ्यांनी बघितलंय की! मणी मी वेचलेत!"

"दोरा तुटला तवा मणी सांडलं. सकाळी मशीनवर बसायच्या आधी मीच काढून ठेवलं हुतं. ह्या पोरीनं हातसुदीक लावला न्हाई."

मी आ वासून बघत राहिले. सकाळी जी बाई काही झालं तरी गळ्यातलं काढणार नाही म्हणून हटून बसली होती, ती भरल्या घरात, नवऱ्याच्या प्रेतापुढं, आपण ते आपल्या हातानं काढलं म्हणून सांगत होती.

तानूबाईंनी आपला हात मागं घेतला. विस्तव लागल्यासारखा घेतला. "नवरा टेबलावर पडलेला असताना? तू आपल्या हातानं काढलंस गं?"

"व्हय."

"आगं, शुद्धीत हाईस का तू?"

"हाय. व्हय म्हटलं न्हवं एकदा?"

मग ते झालं. बायकांच्या नजरा माझ्यावरून हलल्या आणि एकेक करून त्यांच्यावर गेल्या. कुणी तोंडाला पदर लावला. कुणी जरा मागं सरकलं. गोदाक्का काहीतरी बोलायला गेल्या आणि नुसत्याच बसल्या, कारण आता बोलायचं तर भावाच्या बायकोला बोलावं लागणार होतं. मला दिसत होतं की उद्यापासून पाणवठ्यावर, दुकानात, लग्नाकार्यात ह्या बाईबद्दल काय बोललं जाणार आहे, आणि ते ती मरेपर्यंत बोललं जाणार आहे. तसंच झालं पुढं. त्यांनी ते कधी खोडलं नाही आणि मला कधी खोडू दिलं नाही.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी पुढं गेले, त्यांच्यासमोर बसले. "आत्याबाई, असं नका करू," मी म्हणाले. "मी सांगते सगळ्यांना. मशीनला..."

त्यांनी माझा हात धरला. तोच, फडकं गुंडाळलेला. आणि एवढ्या जोरानं दाबला की माझे शब्द तोंडातच राहिले आणि बोटांतून पुन्हा रक्त आलं, तरी सोडला नाही. रडायच्या निमित्तानं त्यांनी मला जवळ ओढलं आणि माझ्या कानाला तोंड लावून म्हणाल्या,

"गप ऱ्हा, मंदे. माझं नांदून झालं. तुला अजून हितंच नांदायचंय."